छोट्या गॅरेजातील फळ्या आणि कामाचे टेबल : आपापले अनुभव लिहावेत

घराला लागून असलेल्या छोट्या गॅरेजात सामानासाठी फळ्या आणि हत्यारांच्या कामासाठी पक्के टेबल स्वतःच्या हाताने बसवलेल्यांनी आपले अनुभव येथे लिहावेत, ही विनंती. मापे, साहित्य आणि विशेषतः चुका सविस्तर लिहिल्यास, जो हे काम पुढच्या महिन्यात सुरू करणार आहे त्याचा पैसा आणि श्रम दोन्ही वाचतील. सुरुवात माझ्यापासून करतो.

नाशिक

आमचे गॅरेज आतून 9.5 फूट रुंद आणि 17 फूट लांब आहे, आणि त्यातच आमची लहान गाडी उभी राहते. पहिल्या वेळी मी भिंत मोजून फळ्या ठरवल्या आणि तिथेच चुकलो, कारण अशा जागेत भिंतीपेक्षा गाडीचे दार जास्त महत्त्वाचे असते. दुसऱ्या वेळी मी गाडी रोजच्या जागी लावून आत बसलो, उतरण्यापुरते दार उघडले आणि पत्नीने दाराची कड जिथवर आली तिथे खडूने जमिनीवर रेघ ओढली. त्या रेघेपासून भिंतीपर्यंत जेमतेम 12 इंच उरत होते. आपल्याकडे चालक उजवीकडे बसत असल्याने गाडीची डावी बाजू भिंतीला शक्य तितकी चिकटवून लावायची आणि फळ्या उजव्या भिंतीवर घ्यायच्या, हे तेव्हा पक्के झाले. गाडी रोज त्याच जागी थांबावी म्हणून पुढच्या चाकासमोर जमिनीत एक लाकडी ओंडका बोल्टने बसवला आहे.

समोरच्या भिंतीवर मात्र वेगळी सोय निघाली. गाडीचे बॉनेट ठेंगणे असते, त्यामुळे त्याच्या वर, जमिनीपासून 5 फुटांवर, तब्बल 2 फूट खोल फळी बसवता आली. गणपतीचे मखर, दिवाळीचे आकाशकंदील आणि पाहुण्यांच्या गाद्या असे आकाराने मोठे पण वजनाने हलके सामान आता तिथे राहते. टेबल तिच्या खाली, बिजागऱ्यांवर दुमडणारे आहे. गाडी बाहेर काढली की ते उघडायचे.

माझी मोठी चूक फळ्यांच्या जाडीची होती. 12 मिलिमीटरचे प्लाय घेऊन 4 फुटांवर एक असे आधार दिले आणि त्यावर उरलेल्या फरशांची खोकी रचली. दोन महिन्यांत फळी मधोमध इतकी वाकली की तिच्यावर ठेवलेली बाटली घरंगळू लागली. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, म्हणजे दुप्पट जाडीची फळी आठपट ताठ असते. दोन फळ्या नुसत्या एकावर एक ठेवल्या तर मात्र ताठपणा दुप्पटच होतो. आठपट हवा असेल तर त्या गोंदाने पूर्ण चिकटवाव्या लागतात. आता 18 मिलिमीटरचे प्लाय आहे, आधार 2 फुटांवर आहेत आणि प्रत्येक फळीच्या पुढच्या कडेला दीड इंच उंचीची सागाची पट्टी उभी ठोकली आहे. एवढ्याशा पट्टीने फळीला किती बळ येते, हे पाहून मला मनापासून आनंद झाला.

न्यू जर्सी

येथील घरांच्या भिंती लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पत्रे ठोकून केलेल्या असतात, त्यामुळे विटेच्या भिंतीची सवय असलेल्या माणसाने आधी आतला उभा वासा शोधायला शिकावे. हे वासे मध्यापासून मध्यापर्यंत साधारणपणे 16 इंचांवर असतात. मी लोहचुंबक दोऱ्याला बांधून भिंतीवरून फिरवतो. तो जिथे चिकटतो तिथे स्क्रू असतो आणि त्याच्या मागे वासा. नुसत्या जिप्समवर वजनदार फळी लावू नये. दुसरी गोष्ट, दुकानात 2 बाय 4 म्हणून मिळणारे लाकूड प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंचाचे असते. माझे पहिले रेखाचित्र नावातल्या मापांनी काढलेले होते, त्यामुळे एकही जोड बसेना.

त्या उन्हाळ्यात बाबा आमच्याकडे आले होते. टेबलाचे चारही पाय मी एकसारखे कापले होते आणि तरीही टेबल पुढे झुकत होते, याचे मला कोडे पडले होते. बाबांनी खिशातला दोरा काढला, त्याला एक नट बांधून ओळंबा केला, तो टेबलाच्या पायाजवळ धरला आणि काही न बोलता जमिनीकडे बोट दाखवले. पाणी बाहेर जावे म्हणून गॅरेजच्या जमिनीला दाराकडे उतार दिलेला असतो, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. मग मागचे पाय तसेच ठेवून पुढच्या पायांखाली त्यांनी स्वतः तासलेल्या पाचरी बसवल्या. त्या पाचरी अजून तिथेच आहेत.

एक सावधगिरीची सूचना: आमच्याकडे पाणी तापवण्याचा गॅसचा बंब गॅरेजातच आहे. ज्यांच्याकडे असा बंब आहे त्यांनी पेट्रोलचा डबा आणि थिनर त्याच्या आसपासच्या फळीवर ठेवू नयेत, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत पसरत ज्योतीपर्यंत पोहोचते.

पुणे

घर भाड्याचे असल्याने भिंतीला भोक पाडायची परवानगी नव्हती, म्हणून मी छिद्रे असलेल्या लोखंडी अँगलचे सुटे रॅक जोडले. सर्व नटबोल्ट आवळूनही रॅक डोलत होते. प्रत्येक कोपऱ्यात त्रिकोणी पत्रे आणि पाठीमागे दोन तिरप्या पट्ट्या फुलीसारख्या लावल्यावर डोलणे थांबले. ज्यांच्या गॅरेजात इन्व्हर्टरची बॅटरी आहे त्यांनी ती बंद कपाटात घालू नये, कारण पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन बाहेर पडतो. मी ती सर्वांत खालच्या, तिन्ही बाजूंनी मोकळ्या फळीवर ठेवली आहे.

कोल्हापूर

कारखान्यात फिटर म्हणून काम केल्यामुळे माझे मत लोखंडी टेबलाच्या बाजूने आहे. 40 बाय 40 बाय 5 मिलिमीटरचा अँगल मीटरला सुमारे 3 किलो भरतो, त्यामुळे सांगाडाच इतका जड होतो की कानस मारताना टेबल सरकत नाही. उंचीबद्दल सांगतो. सरळ उभे राहून हात सैल सोडावा आणि मनगटाची उंची मोजावी. रंधा, करवत आणि ठोकण्याच्या कामासाठी टेबल साधारण तेवढे असावे. अनेकजण स्वयंपाकाच्या ओट्याचे माप घेतात, पण घरातील दुसऱ्या व्यक्तीसाठी केलेला ओटा आपल्याला जुळेलच असे नाही.

व्हाइसची, म्हणजे वस्तू दोन जबड्यांत घट्ट पकडून धरणाऱ्या हत्याराची, जागा विचारपूर्वक ठरवावी. तो टेबलाच्या मधोमध नसावा, बरोबर पायाच्या वर असावा, म्हणजे हातोडीचा मार थेट जमिनीत उतरतो. त्याचा स्थिर जबडा टेबलाच्या कडेपेक्षा किंचित पुढे ठेवावा, नाहीतर लांब पाइप उभा पकडता येत नाही. जबड्याचा माथा कोपराच्या उंचीला आला की कानस आडवी आणि सरळ चालते.

चिपळूण

22 जुलै 2021 च्या महापुरात आमच्या गॅरेजात छातीएवढे पाणी होते. भुश्याच्या दाबलेल्या फळ्यांचे विकतचे कपाट पाणी ओसरल्यावर हाताने ओढले तरी तुकडे पडत होते, तर जुन्या घराच्या दारांच्या फणसाच्या फळ्या धुऊन सावलीत वाळवल्यावर पुन्हा उपयोगी पडल्या. आज आमच्या टेबलाचा माथा त्याच फळ्यांचा आहे आणि कडी-कोयंड्याची जुनी भोके मी मुद्दाम बुजवलेली नाहीत, कारण त्या दारांतून माझी आजी रोज ये-जा करीत असे. प्लाय घ्यायचे झाल्यास त्यावर आयएस 710 हा शिक्का पाहून घ्यावे. या प्रतीच्या प्लायला चाचणीत 72 तास उकळत्या पाण्यात टिकावे लागते.

भिंत जांभ्याची असल्याने आणखी एक अडचण होती. जांभा सच्छिद्र असतो, साधा प्लगही त्यात फिरत राहतो, म्हणून सर्व वजन उभ्या खांबांवरून जमिनीवर उतरवले आहे आणि भिंतीला फक्त तोल राखण्यापुरते बांधले आहे. वाळवीसाठी लाकडी पायांना काजूच्या टरफलांचे तेल दोन वेळा लावले. ते कातडीला भाजते, त्यामुळे हातमोजे घातल्याशिवाय त्याला स्पर्श करू नये. ड्रिल आणि ग्राइंडर सर्वांत वरच्या फळीवर असतात आणि विजेचे सर्व सॉकेटही मी डोक्याच्या उंचीवर घेतले आहेत.

नाशिक, पुन्हा

कोल्हापूरच्या सूचनेनंतर मी आमचा व्हाइस तपासला. तो दुमडणाऱ्या टेबलाच्या मधोमध आहे आणि ठोकताना बिजागऱ्या खडखडतात. दुमडणाऱ्या टेबलावर व्हाइस ठेवूच नये, असे आता वाटते. उजव्या कोपऱ्यात 1 फूट बाय 1 फूट जागा आहे. तिथे जमिनीत बोल्टने आवळलेला स्वतंत्र अँगलचा खांब उभा करून त्यावर व्हाइस बसवण्याचा विचार आहे. अशा स्वतंत्र खांबाचा कोणास अनुभव असल्यास खालच्या पत्र्याची जाडी आणि बोल्टचे माप कृपया लिहावे.