पाळकाची छावणीतली पत्रं : खोटी, अर्धी की कामाची?

पिंपळपार
परवा याच मंचावर 'शाईदौत' यांनी युद्धकाळातल्या पत्रांवर लिहिताना एक विधान केलं आणि ते दोन दिवस माझ्या डोक्यातून जाईना. त्यांचं म्हणणं असं : सैन्याबरोबर गेलेल्या पाद्र्याची घरची पत्रं म्हणजे पाकिटात घातलेलं प्रवचन. छावणीतलं खरं काही त्यात नसतं, आणि प्रशिक्षणाच्या छावणीतल्या पत्रांत तर नाहीच नाही, कारण तिथे अजून काही घडलेलंच नसतं. उदाहरण दिलं जोसेफ ट्विचेलचं. नेमकं चुकीचं नाव घेतलं, म्हणून एवढं लिहायला बसलो.

१८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी पेटली तेव्हा हा पोरगा न्यूयॉर्कला धर्मशास्त्र शिकत होता. तेविसावं वर्ष सरायचं होतं. कनेक्टिकटमधल्या साउदिंग्टनचा, काँग्रिगेशनल या प्रोटेस्टंट पंथाचा, घरचं वळण पक्कं प्युरिटन, म्हणजे कर्मठ. पाद्री म्हणून जायला त्याने निवडली कुठली पलटण? डॅनियल सिकल्सच्या एक्सेल्सियर ब्रिगेडमधली ७१ वी न्यूयॉर्क. शहराच्या गल्लीबोळांतून गोळा केलेली माणसं, त्यात आयरिश कॅथलिकांचा मोठा भरणा. हा सिकल्स म्हणजे दोनच वर्षांपूर्वी बायकोच्या प्रियकराला व्हाइट हाउससमोरच्या चौकात भरदिवसा गोळ्या घालून, तात्पुरत्या वेडाच्या बचावावर निर्दोष सुटलेला काँग्रेसचा सदस्य. बापाला हे सगळं ठाऊक असणार. मग पोरगा बापाला पत्रात काय सांगतो? की इथे मोठी धर्मजागृती होईल अशी माझी अपेक्षा नाही; पण ज्यांना मायेने वागवलं जायची फारशी सवय नाही अशा माणसांशी बरं वागून काही चांगला ठसा उमटला तर उमटेल.

हे प्रवचन आहे? प्रवचनकार आधीच "फार काही हाती लागणार नाही" असं सांगतो का? आणि छावणीत काही घडत नाही म्हणता, तर स्टॅटन आयलंडवरच्या कॅम्प स्कॉटमध्ये हजारो माणसं महिनोन् महिने अडकून पडली होती. न्यूयॉर्कचा गव्हर्नर मॉर्गन ही भरती मोडायला निघाला आणि सिकल्सला थेट लिंकनकडे धाव घ्यावी लागली. लढाई सुरू झाली की माणूस शूर किंवा भित्रा ठरतो. छावणीत तो नुसता असतो, आणि तसा मला दुसरीकडे कुठे वाचायला मिळत नाही.

शाईदौत
माझं नाव घेतलंत, तर सविस्तर उत्तर देतो.

एक. बापाला लिहिलेलं पत्र हे बापासाठी लिहिलेलं असतं. धर्मशास्त्राचं शिक्षण अर्धवट सोडून खुनाच्या खटल्यातून सुटलेल्या माणसाच्या हाताखाली गेलेला मुलगा बापाची समजूत घालणारच. "गरिबांत काम करायला आलो" याहून चांगलं कारण दुसरं कोणतं देणार?

दोन. याच सिकल्सचा गेटिसबर्गच्या लढाईत १८६३ साली पाय गेला तेव्हा ट्विचेल त्याच्याजवळ होता आणि त्याच्या धीरोदात्तपणाचं वर्णन घरी कळवून मोकळा झाला. त्या दिवशी सिकल्सने हुकूम नसताना आपली अख्खी कोअर, म्हणजे हाताखालची सगळी फौज, पुढे नेली आणि माणसं कापली गेली, यावर आजही वाद चालतो. माझा राग पत्र लिहिणाऱ्यावर नाही. ही पत्रं इतिहास म्हणून पुढे करणाऱ्यांवर आहे. शिपायाचं दोन ओळींचं पत्र मला जास्त खरं वाटतं.

नगरकरीण
वादात पडायचं नव्हतं, पण दोघेही "पाद्री पाद्री" काय लावलंय? आमच्याकडे पाळक म्हणतात किंवा रेव्हरंड. फादर म्हणतात कॅथलिकांच्या धर्मगुरूंना. "पाद्री" हा शब्द मी शाळेत चिडवण्यासाठी वापरलेला ऐकलाय, मधल्या सुट्टीत, डबा उघडताना. तो कान अजून तसाच आहे.

आणि ट्विचेलचा पंथ तुम्हाला लांबचा वाटत असेल, मला नाही. नगरला १८३१ मध्ये आलेलं अमेरिकन मराठी मिशन मुख्यतः काँग्रिगेशनल मंडळ्यांच्याच बळावर उभं होतं. १८४२ ला 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघालं ते त्यांचंच. माझ्या पणजीला अक्षर याच लोकांनी दिलं. घरी पत्र लिहायची शिस्त त्यांच्यात फार होती. बरं-वाईट सगळं लिहीत, कारण तिकडची मंडळी पैसे पाठवायची आणि हिशेब मागायची.

शाईदौत
शब्दाबद्दल माफी मागतो, पुढे पाळक म्हणेन. पण ताई, शेवटचं वाक्य माझ्याच बाजूचं आहे. पैसे देणाऱ्याला लिहिलेलं पत्र!

नगरकरीण
पैसे देणाऱ्याला खोटं लिहिलं तर पुढच्या वर्षी पकडले जातात. तुम्ही नोकरीत कधी अहवाल लिहिला नाही वाटतं.

गडवाट
मूळ मुद्दा सगळेच विसरताय. सैन्यातला धर्मगुरू हा सरकारी माणूस. १८६१ च्या कायद्यात अट होती की तो ख्रिस्ती पंथाचाच हवा. पेनसिल्व्हेनियाच्या पाचव्या घोडदळाने मायकेल ॲलन नावाच्या ज्यू माणसाला निवडलं तर त्याला राजीनामा द्यावा लागला. मग ज्यूंच्या वतीने आर्नोल्ड फिशेल डिसेंबर १८६१ मध्ये लिंकनला जाऊन भेटले, आणि जुलै १८६२ मध्ये कायदा बदलला. ज्या खुर्चीवर कोण बसणार हे सरकार ठरवतं, त्या खुर्चीवरून लिहिलेलं पत्र स्वतंत्र कसं?

पिंपळपार
गडवाट, खुर्ची सरकारी होती हे मान्य. पण त्या कायद्याप्रमाणे पलटणीचे अधिकारी मत देऊन धर्मगुरू निवडायचे, वरून कुणी लादत नव्हतं. ॲलनचं उदाहरण तेच दाखवतं. आणि यादवीत उत्तरेच्या सैन्यात शिपायांच्या पत्रांवर पद्धतशीर सेन्सॉर नव्हता. पुढे पहिल्या महायुद्धात आपल्या शिपायांची फ्रान्समधली पत्रं उघडून वाचायला वेगळं खातंच बसवलं होतं. ट्विचेलच्या डोक्यावर तसं कुणी नव्हतं. त्याची पत्रं पुस्तकरूपात आली २००६ साली. प्रचार करायचा असता तर दीडशे वर्षं थांबले नसते.

माजी सुभेदार
राम राम मंडळी. मराठा लाइट इन्फंट्रीत २८ वर्षं काढली. १९८६ ला बेळगावला रंगरूट म्हणून गेलो. अमेरिकेचं मला ठाऊक नाही, छावणीतलं पत्र काय असतं ते ठाऊक आहे.

पहिल्या महिन्यात दोन्ही टाचा फुटल्या होत्या. बूट काढला की मोजा कातड्यासकट निघायचा. त्या रात्री मी आईला पत्र लिहिलं : "पत्रास कारण की, मी इकडे खुशाल आहे, जेवण उत्तम आहे, वजन वाढले आहे." त्यातला "मी इकडे आहे" एवढाच भाग खरा. बरॅकमधला प्रत्येक जण हेच लिहीत होता.

आता पंडितजींचं. आमच्या सैन्यात पाळकाच्या जागी पंडितजी, मौलवी, ग्रंथी असतात. 'धर्मगुरू' ही जेसीओची, म्हणजे कनिष्ठ कमिशन्ड अधिकाऱ्याची पोस्ट आहे, त्यांचं प्रशिक्षण पुण्याला होतं. रविवारी मंदिर परेड. कसम परेडला गीतेवर हात ठेवून शपथ तेच देतात. पण खरं काम रात्रीचं. कुणाची आई वारली, कुणाला घरून पत्र नाही, कुणी पळून जायच्या बेतात, हे उस्तादांच्या, म्हणजे शिकवणाऱ्यांच्या आधी पंडितजींना कळायचं. माझ्या शेजारच्या खाटेवरचा पोरगा तीन रात्री पांघरुणात तोंड घालून रडत होता. चौथ्या दिवशी पंडितजी त्याला देवळामागे घेऊन बसले. काय बोलले कुणाला कळलं नाही. पोरगा पुढे नायकाच्या हुद्द्यावर गेला.

म्हणून सांगतो : धर्मगुरूला सगळं ठाऊक असतं आणि तो ते घरी लिहीत नाही. लिहिलं तर तो धर्मगुरू कसला? शाईदौत साहेबांचं बरोबर आहे, पण त्यांनी दिलेलं कारण चूक आहे.

शाईदौत
सुभेदारसाहेब, यापुढे मी काय बोलणार. फक्त एक : मी शिपायाचं पत्र जास्त खरं म्हणालो होतो, ते तुमच्या टाचांनी खोटं पाडलं. ते मागे घेतो.

गडवाट
एकदम शरणागती! टाचांची गोष्ट ऐकून १८६१ चा पुरावा बदलत नसतो. इथे नेहमी हेच होतं. कुणीतरी घरची आठवण सांगतो आणि सगळे डोळे पुसत मुद्दा सोडून देतात.

माजी सुभेदार
गडवाट, मी डोळे पुसायला लिहिलेलं नाही. आपण किती रात्री बरॅकमध्ये काढल्यात ते आधी सांगा, मग पुराव्याचं शिकवा.

गडवाट
बरॅकमध्ये न झोपलेल्याने इतिहास वाचू नये असा नियम असेल तर धागा बंद करा.

कोयनाकाठ
थांबा दोघेही. घरच्या आठवणीवरून चिडलात, तर मी घरचा कागदच समोर ठेवते.

वडील १९६३ ला, चीनच्या लढाईनंतरच्या भरतीत बेळगावला गेले. गाव सातारा जिल्ह्यातलं. आमच्याकडे सैन्यात जाणं नवीन नाही. जवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावची एकट्या पहिल्या महायुद्धात ४६ माणसं कामी आली. वडिलांना अक्षर येत नव्हतं, म्हणून प्रशिक्षणातली त्यांची पत्रं पंडितजींनी लिहिलेली आहेत. निळी इनलँड, सात आहेत माझ्याकडे. होती अकरा. त्यातली चार पत्रं चुलत्यांनी घर आवरताना रद्दीत घातली, त्याबद्दल मी त्यांच्याशी दोन वर्षं बोलले नाही.

पंडितजींचं अक्षर सुरेख, प्रत्येक पत्राची सुरुवात "तीर्थरूप मातोश्रींस शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष". पुढे देवाची कृपा, आरोग्य, साहेब लोक प्रेमळ आहेत. शाईदौत म्हणतात तसं, सगळं गोड. आजीला वाचता येत नव्हतं, शाळेतले गुरुजी वाचून दाखवायचे. लिहिणारा परका, वाचणारा परका, मधे मायलेकरं. पण तिसऱ्या पत्रात पंडितजींनी घडीच्या कडेला बारीक अक्षरात स्वतःचं एक वाक्य घातलंय : "मुलगा बोलत नाही, परंतु घरची आठवण फार काढतो; उत्तर लवकर द्यावे." हे वडिलांनी सांगितलेलं नाही. सांगितलंच नसतं. ते वाक्य नसतं तर आजीला कधी कळलं असतं?

पिंपळपार
ताई, ट्विचेलची पत्रं मला का धरून ठेवावीशी वाटतात ते तुमच्या या एका ओळीत आलं. माझ्या मूळ लेखात ते मला नीट मांडता आलं नव्हतं. शिपाई स्वतःबद्दल लपवतो. शेजारी बसलेला माणूस त्याच्याबद्दल लिहितो. सुभेदारसाहेब म्हणतात धर्मगुरू गुपित सांगत नाही, ते खरं, पण कधीकधी कडेला लिहितो. ट्विचेलच्या पलटणीतल्या कितीतरी माणसांनी एक ओळ मागे ठेवलेली नाही. ती दिसतात ती त्याच्या पत्रात.

आणि गडवाट, तो बदलत गेला हे तरी मान्य करा. छावणीत शिरला तेव्हा कॅथलिकांबद्दल घरून आणलेला आकस त्याच्याजवळ होता. तिथे त्याला जोसेफ ओहॅगन हा ७३ व्या न्यूयॉर्क पलटणीचा फादर भेटला, कॅथलिकांच्या जेझुइट संघाचा. डिसेंबर १८६२ मध्ये फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईत जखमींची सेवा करून दोघे कडाक्याच्या थंडीत आपापली पांघरुणं एकत्र करून शेजारी झोपले. झोपता झोपता ओहॅगन हसायला लागला : जेझुइट आणि प्युरिटन एका पांघरुणात, वरचे देवदूत काय म्हणत असतील! ज्याला नुसतं प्रवचन करायचं असतं तो ही गोष्ट आयुष्यभर सांगत बसेल का?

नगरकरीण
माझ्या पणजीच्या काळात नगरला मिशनची माणसं आणि कॅथलिक फादर एकमेकांच्या दारातून जात नव्हते असं घरी सांगायचे. म्हणून ते पांघरूण मला लहान वाटत नाही.

गडवाट
ठीक आहे. तो बदलला हे मान्य. पण पांघरूण १८६२ चं आणि धाग्याचा विषय १८६१ च्या छावणीचा. बदल लढाईने घडवला. कॅम्प स्कॉटने काय केलं ते अजून कुणी दाखवलेलं नाही. आणि सिकल्सबद्दल शाईदौतनी विचारलेलं तसंच राहिलंय. सेनापतीच्या बाबतीत त्याचे डोळे बंद होते.

पिंपळपार
सिकल्सबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. तिथे तो भुलला असं मलाही वाटतं.

कॅम्प स्कॉटने काय केलं ते सांगतो. बावीस वर्षांच्या पोराला, ज्यांच्याबद्दल घरी वाईटच ऐकलं होतं त्यांच्यात नेऊन बसवलं आणि पळून जायला मुभा असताना तो तिथेच राहिला. तीन वर्षं राहिला, १८६४ पर्यंत. पुढे हार्टफर्डला पाळक झाला, मार्क ट्वेनचा जन्माचा मित्र झाला. लोक त्याला त्या मैत्रीमुळे ओळखतात, त्याचं मला वाईट वाटतं.

शाईदौत
मी काल रात्री ते वडिलांना लिहिलेलं पत्र पुन्हा वाचलं. समजूत घालणारं आहे, यावर मी ठाम आहे. पण बापाला खूश करायचं असतं तर "धर्मजागृती होईल" असं लिहिणं सोपं होतं. त्याने ते लिहिलं नाही. एवढं तुमचं. बाकी माझं माझ्याकडे.

माजी सुभेदार
कोयनाकाठ ताई, तुमच्या वडिलांच्या पंडितजींनी उत्तर लवकर मागितलं होतं. आजीने दिलं का?

कोयनाकाठ
दिलं काका. गुरुजींकडून लिहवून घेतलं. ते पत्र वडिलांनी ट्रंकेच्या तळाला, कसम परेडच्या फोटोमागे ठेवलेलं सापडलं. आजीने एवढंच सांगितलं होतं : गाय व्यायली, कालवड झाली, तू आल्यावर नाव ठेव. सातवं इनलँड मात्र पंडितजींच्या अक्षरातलं नाही. वाकडीतिकडी अक्षरं, ओळी खाली घसरलेल्या. वडील छावणीत लिहायला शिकले होते. त्यात नमस्कार नाही, खुशाली नाही. लिहिलंय, "कालवडीच नाव पवळी ठेवा."