मुलींच्या बालगृहात गृहमाता टिकत नाहीत. काय करावं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमच्या संस्थेचं मुलींचं बालगृह आहे. मंजूर संख्या 50, वय 6 ते 18. मी तिथली अधीक्षिका. दोन गृहमातांपैकी (मुलींसोबत राहून त्यांना सांभाळणाऱ्या बायका) एक दिवाळीला गावी गेली ती परतलीच नाही. दुसरीने मुलींच्या परीक्षा झाल्या की मीही निघणार असं आत्ताच सांगून ठेवलंय. समुपदेशकाची जागा पावसाळ्यापासून रिकामी आहे.

पगार कमी आहे हे मला ठाऊक आहे, ते सांगण्यात कुणी वेळ घालवू नये. गृहमातेला 11,000 रुपये देतो, राहणं-जेवण संस्थेत. आम्हाला अनुदान मुलीमागे मिळतं, तेही मागाहून. पगारासाठी वेगळा पैसा नाही, तो देणग्यांतून काढावा लागतो. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेत मुलामागे महिन्याला 3,000 रुपये धरलेत. त्यात जेवण, कपडे, साबण, तेल सगळं आलं.

पण गेलेल्या बायका पैशासाठी गेल्या असं मला वाटत नाही. एक जण साडीच्या दुकानात लागली, आमच्यापेक्षा कमी पगारावर. तिथे रात्री आठला शटर पडतं. आमच्याकडे रात्री दोनला कुणी अंथरुण ओलं करतं, कुणी झोपेत किंचाळतं, आणि पाचला बंब पेटवायचा असतो. दुसरी गोष्ट भीतीची. प्रशिक्षणात बाल न्याय कायदा आणि पॉक्सो या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याची कलमं ऐकून आल्या की या बायका हबकतात. "मॅडम, उद्या एखादीनं रागात माझं नाव घेतलं तर?" याला मी काय उत्तर देऊ?

भोगतात मात्र मुली. आमच्याकडे नऊ वर्षांची एक आहे (नावगाव अर्थातच लिहीत नाही). नवी मावशी आली की ही तिची बॅग बघते. कपडे फळीवर लावले का, की बॅग अजून खाटेखालीच आहे? बॅग रिकामी होईपर्यंत त्या बाईकडून डोक्याला तेल लावून घेत नाही. इतरांना बातमीही तीच देते, "हिची बॅग भरलेलीच आहे गं."

जाहिरात दिली तर पंचविशीच्या आतल्या मुली येतात आणि लग्न ठरलं की जातात. चाळिशीच्या बायका टिकतील, पण त्यांना स्वतःची लेकरं असतात. तुमच्या संस्थांत काय चाललंय? कुणाला घेता, कसं टिकवता?

निवृत्त परिविक्षा अधिकारी: ताई, आधी हिशोब मांडा. 50 मुलांमागे दोन गृहमाता असं पदांचं गणित आहे. एकीला सुट्टी दिली की दुसरी दिवसरात्र एकटी. म्हणजे सुट्टी त्या गणितात धरलेलीच नाही. म्हणून तिसरी बाई बघा, पूर्ण पगाराची नको. गावातलीच, आठवड्यातून दोन रात्री येणारी बदली गृहमाता. माझ्या माहितीतल्या एका बालगृहात अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या बाई येत, मुली त्यांची वाट बघत. आणि साप्ताहिक सुट्टीचा वार नेमणूकपत्रातच लिहा. "सोयीनुसार सुट्टी" लिहिलं की ती कधीच मिळत नाही.

भीतीचं म्हणाल तर कलमं वाचून दाखवणारे प्रशिक्षक अर्धंच सांगतात. बाल न्याय कायद्याचं कलम 82 शारीरिक शिक्षेबद्दल आहे. मोबाईल दिला नाही, बाहेर सोडलं नाही म्हणून कुणावर ते लागत नाही, हे स्पष्ट सांगा. रोज रात्री नोंदवहीत चार ओळी लिहायच्या: कोण रडलं, कुणाचं भांडण झालं, काय केलं. वेळ आली तर बाईच्या बाजूने ती वहीच बोलते. मात्र तक्रारपेटीची किल्ली तुमच्याकडे नको. मुलींच्या तक्रारीला खरी वाट असली की खोट्या तक्रारी कमी होतात, हा माझा अनुभव.

रोखठोक: पगार वाढवा. बाकी सगळं कीर्तन.

धागाकर्ती: दादा, आमच्याकडे सप्ताहाला येणाऱ्या महाराजांचं एका रात्रीचं मानधन गृहमातेच्या दोन महिन्यांच्या पगाराहून जास्त आहे. ते देणाऱ्यांशी ओळख असेल तर जरूर सांगा.

माजी समुपदेशक: मी अशाच एका बालगृहातून बाहेर पडले, म्हणून लिहिते. नाव समुपदेशकाचं, काम कारकुनाचं. प्रत्येक मुलीचा वैयक्तिक काळजी आराखडा, बाल कल्याण समितीपुढे (मुलीला कुठे ठेवायचं हे ठरवणारी जिल्ह्याची समिती) न्यायचं, पॉक्सोच्या केसमध्ये साक्षीला मुलीसोबत जिल्ह्याला जायचं, हे माझंच काम होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण अनुदानाचे प्रस्ताव, किराण्याची बिलं, पाहुण्यांसाठी हार हेही माझ्याकडेच. बोलायला जागा कुठली? कोठीघरात, गव्हाच्या पोत्यांशेजारी. मुलगी रडायला लागली की स्वयंपाकघरातून कुणीतरी डोकवायचं. समुपदेशक हवी असेल तर आधी तिला दार लागणारी खोली द्या आणि दुपारचे दोन तास कुणी हात लावायचा नाही असं ठरवा.

उमेदवार पुण्या-मुंबईत शोधू नका. टाटा समाजविज्ञान संस्थेचा परिसर तुळजापूरला आहे, तुमच्यापासून फार लांब नसावा. समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यासाठी मागा. चारातली एखादी त्याच भागातली असते, ती परत येते.

आणि एक. जाणाऱ्या बाईला मुलींना सांगून जाऊ द्या. "रडारड नको" म्हणून पहाटे रिक्षात बसवून पाठवतात, ते सगळ्यात वाईट. तुमची ती बॅग बघणारी उगीच तशी झालेली नाही.

सोलापूरकर: तुमच्याच मोठ्या झालेल्या मुलींना का घेत नाही? अठरा पूर्ण झाल्यावर जायला जागा नसते, घर माहीत असतं, नियम माहीत असतात.

निवृत्त परिविक्षा अधिकारी: घ्यावं, पण लगेच नाही आणि त्याच घरात नाही. कालपर्यंत जिच्याशी बादलीवरून भांडली तिच्यावर आज ती ताई होणार, दोघींनाही जड जातं. शिवाय 2018 पासून अनाथांना सरकारी नोकरीत 1 टक्का समांतर आरक्षण आहे. अनाथ प्रमाणपत्र हातात असलेली मुलगी भरतीचा अभ्यास करत असेल, तर आपल्या सोयीसाठी तिला वॉर्डात अडकवू नका. 21 पर्यंत अनुरक्षणगृहाची (अठरा पूर्ण झालेल्यांच्या राहण्याची) सोय आहे, तिकडे पाठवा.

बाहेरचं कुणी घेताना घाई करू नका. पॉक्सोच्या 2020 च्या नियमांनुसार मुलं राहतात अशा संस्थेत प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी सक्तीची आहे, आणि तीही ठराविक काळाने पुन्हा करायची. चारित्र्य पडताळणीचा अर्ज ऑनलाइन करता येतो. पण कागदावर थांबू नका, आधीच्या ठिकाणी फोन लावा. "बाई कशी होती?" विचारू नका, कुणीही चांगलीच म्हणतं. "पुन्हा कामावर घ्याल का?" विचारा आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते ऐका.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. बदली गृहमातेचं पटलं, गावातल्या दोघींशी बोलणं सुरू केलंय. तुळजापूरला पत्र टाकते. आता खरा पेच. एक विधवा बाई तयार आहेत, आश्रमशाळेत स्वयंपाकाचा अनुभव आहे, मुलींशी बोलणं छान. पण सहा वर्षांची लेक सोबत आणणार. तिला इतर मुलींत झोपवलं तर चालेल का?

निवृत्त परिविक्षा अधिकारी: नाही. बालगृहात मूल येतं ते बाल कल्याण समितीच्या आदेशानेच. आदेशाशिवाय मूल वॉर्डात सापडलं तर तपासणीत अडकाल. बाईंना वेगळी खोली द्या, लेक आईजवळ राहील, तुमच्या 50 मध्ये धरायची नाही. समितीला आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला आधीच लेखी कळवून पोच घ्या. मुलगा असता तर मुलींच्या बालगृहात मी नकोच म्हटलं असतं.

धागाकर्ती: रिकामी खोली एकच आहे. वर ती समुपदेशकाला द्या म्हणालात, आता गृहमातेला. शनिवारी ट्रस्टींची मीटिंग आहे. गच्चीवर दहा बाय बाराची पत्र्याची खोली, सोबत संडास-बाथरूम, एवढं काढायला साधारण काय खर्च येईल? कुणी नुकतं बांधलं असेल तर आकडा सांगा, तोच घेऊन बसते.