चामडी ‘टिंगल’ करते, म्हणजे नेमकं काय होतं?

आर्णी, जि. यवतमाळ : फवारणीच्या माहितीपत्रकाचं मराठी करतोय. सायपरमेथ्रिन हे कीटकनाशक अंगावर उडालं की चामडी ‘टिंगल’ (tingle) करते, असं इंग्रजीत आहे. (तसंच ठेवलं तर औषध शेतकऱ्याची थट्टा करतंय असं वाटेल.) शब्दकोशात मुंग्या, झिणझिण्या, चुरचुर, रोमांच सगळंच सापडतं. कोणता शब्द घेऊ?

अमरावती : भाऊ, हे क्रियापद मुळात कानाचं. चौदाव्या शतकात कानात नाद घुमला की ते वापरत. १६११ च्या इंग्रजी बायबलातही भयंकर वार्ता ऐकणाऱ्याचे दोन्ही कान ‘टिंगल’ होतात. पुढे ते कातडीवर उतरलं, आणि आता थंडीनं गाल, हर्षानं पाठ, दबलेला पाय, सगळ्यांना तेच चालतं. मराठी आधी विचारते, कशानं? पाय दबला तर मुंग्या, कोपर आपटलं तर झिणझिण्या. खरचटल्यावर औषध लावलं की चुरचुरतं, मिरची झोंबते, हर्षानं काटा येतो. तुमच्या पत्रकात ‘मुंग्या येतात’ चालेल.

भिवापूर : नाही चालत. मुंग्या म्हटलं का माणूस बधिरपणा समजते, आग नाही समजत. आमच्या इथं मिरचीच्या सातऱ्यावर (मिरची वाळवतात त्या मैदानावर) देठ खुडून आलेल्या बाया ‘हात भगभग करून राह्यले’ म्हणतात. थोच शब्द टाका.

अमरावती : पटलं, पण अर्धंच. सायपरमेथ्रिनच्या गटातली औषधं कातडीतल्या नसा चाळवतात, म्हणून टोचल्यासारखं आणि जळल्यासारखं दोन्ही होतं. बहुतेक तोंडावर, फवारणीनंतर काही तासांनी. घाम, ऊन, गरम पाणी लागलं की वाढतं आणि साधारण दिवसभरात उतरतं. तेव्हा ‘चेहऱ्याला झिणझिण्या येतात, भगभग होते’ असं लिहा. ‘खाज’ मात्र नको. खाज वाचली की माणूस चोळत बसेल.

आर्णी : प्रोफेनोफॉस या दुसऱ्या कीटकनाशकाच्या पानावर हेच वाक्य टाकू?

अमरावती : मुळीच नाही! ते वेगळ्या गटातलं. त्यात दरदरून घाम, लाळ, अंधुक दिसणं, श्वास लागणं अशी लक्षणं येतात. तिथं ‘झिणझिण्या’ लिहिल्या तर लोक ‘उतरंल संध्याकाळपर्यंत’ म्हणून घरीच बसतील. २०१७ च्या हंगामात तुमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली. त्या पानावर पहिली ओळ ‘ताबडतोब दवाखान्यात न्या, औषधाचा डबा सोबत घ्या’ हीच हवी.

आर्णी : दोन वेगळ्या चौकटी करतो. ‘भगभग’ वर शुद्धलेखनवाले लाल रेघ मारतील बहुतेक.

भिवापूर : मारू द्या. त्याईले म्हना, एक दिवस सातऱ्यावर येऊन बसा.