शरीराचं पुनरुत्थान : "आत्मा अमर आहे" एवढ्यावर माझं भागत नाही

नगरची लेक :
जय ख्रिस्त, आणि सगळ्यांना नमस्कार. बरेच दिवस लिहायचं होतं, आज लिहितेच. पप्पांना जाऊन दोन वर्षं झाली. पप्पा टर्नर होते, एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये सगळं आयुष्य लेथवर गेलं, उजव्या हाताचं पहिलं बोट पेरापासून तुटलेलं, मी शाळेत असताना मशीनवरच गेलं ते. त्याच अर्ध्या बोटानं ते बायबलच्या ओळीखालून सरकत सरकत वाचायचे आणि शेवटच्या रात्री दवाखान्यात मी तेच बोट धरून बसले होते. दफनाच्या वेळी पाळकसाहेबांनी मातीला माती, राखेला राख म्हटलं, पुनरुत्थानाच्या आशेनं म्हटलं, मी मूठभर माती टाकली आणि पेटीच्या फळीवर ती पडल्याचा जो आवाज आला ना, त्या आवाजानं माझ्यातलं काहीतरी मोडलं. लहानपणापासून विश्वासांगीकारात, म्हणजे उपासनेत सगळे मिळून म्हणतात त्या श्रद्धेच्या कबुलीत, "शरीराचे पुनरुत्थान" घडाघडा म्हणत आले, पण आपण काय म्हणतोय याचा विचार पहिल्यांदा तिथं खड्ड्याच्या काठावर केला आणि वाटलं, हे कसं शक्य आहे?

नंतर भेटायला येणारा जो तो म्हणायचा, पप्पा देवाघरी गेले, आत्मा अमर असतो. चांगल्या मनानं म्हणायचे सगळे. पण मला ते लागू पडत नव्हतं, आणि हळूहळू कळलं की आपला विश्वास मुळात एवढंच सांगत नाही. नुसता आत्मा पुढं जाणार असता तर कबर रिकामी व्हायची काही गरजच नव्हती, येशूचं शरीर अरिमथाईकर योसेफाच्या कबरेत राहिलं असतं तरी चाललं असतं. लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकात, शिष्यांना वाटतं की भूत आलंय, तर उठलेला येशू म्हणतो मला चाचपून बघा, मग खायला काही आहे का विचारतो आणि भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यादेखत खातो. योहानात तर तळ्याच्या काठावर विस्तव पेटवून, मासळी भाकरी तयार ठेवून त्यांना हाक मारतो, या, न्याहारी करा. प्रेषित पौल तर आपल्या पत्रात सरळच म्हणतो, ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास फुकट आहे. माझं मत स्पष्ट आहे, शरीर वगळायचं असेल तर ईस्टरला मंदिरात जाऊन फुलं वाहण्यात काही अर्थ नाही.

दुसरी गोष्ट संशयाची. एका प्रार्थना गटात मी हे बोलले तर तिथल्या एकानं मला तोंडावर सांगितलं, तुमचा विश्वास कमी पडला म्हणून वडील वाचले नाहीत. त्यानंतर आठ महिने मी कुठंच गेले नाही. परत आले ती येशूचा शिष्य थोमा याच्यामुळं. उठलेला येशू शिष्यांना पहिल्या रविवारी भेटला तेव्हा तो तिथं नव्हता, खिळ्यांचे व्रण पाहिल्याशिवाय मानणार नाही म्हणाला, आणि मग मजकूर म्हणतो आठ दिवसांनी शिष्य पुन्हा घरात होते आणि थोमा त्यांच्याबरोबर होता. बरोबर होता! आठवडाभर "मी मानत नाही" म्हणणारा माणूस त्याच खोलीत, त्याच दहा जणांबरोबर, कुणी हाकललं नाही त्याला. येशू आला तेव्हा तो आत होता म्हणून भेट झाली. आपल्या मंडळ्यांमध्ये अशा माणसाला जागा आहे का, हे मला विचारायचंय.

पुराव्यानिशी :
ताई, वडिलांबद्दल मनापासून वाईट वाटलं. मी कुठल्याच धर्माचा नाही, तरी तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंय म्हणून मीही तसंच लिहितो. मार्कचं शुभवर्तमान सगळ्यात जुनं मानलं जातं आणि त्याच्या सर्वांत जुन्या संपूर्ण हस्तलिखितांमध्ये शेवट १६ व्या अध्यायाच्या ८ व्या ओवीवर आहे. बायका कबरेपासून पळतात आणि भीतीपोटी कुणालाच काही सांगत नाहीत, बस. मासे खाणं, चाचपणं हे सगळं नंतरच्या लिखाणात येतं, म्हणजे गोष्ट वाढत गेलेली दिसते. रोमन लोक क्रुसावरची प्रेतं बऱ्याचदा तशीच कावळ्या-कुत्र्यांना सोडायचे, तर कबर होती हेच आधी सिद्ध व्हायला हवं. आणि भेटींचं म्हणाल तर १९७१ साली वेल्समधल्या एका डॉक्टरनं २९३ विधवा-विधुरांशी बोलून अभ्यास छापला होता, त्यातल्या जवळपास निम्म्यांना गेलेला जोडीदार जवळ असल्याचं जाणवलं होतं, काहींना दिसला, काहींनी आवाज ऐकला. वेडी नव्हती ती माणसं. दुःखात मेंदू असं करतो. येशूचा शिष्य पेत्र याच्या बाबतीत असंच झालं असेल हे जास्त साधं स्पष्टीकरण नाही का?

सेवक :
ताई, तुमचा उद्देश चांगला असेल पण संशयाला असा मान देऊ नका. याकोबाच्या पत्रात स्पष्ट आहे, संशय धरणारा वाऱ्यानं हेलकावणाऱ्या समुद्राच्या लाटेसारखा आहे. थोमाला प्रभूनं शाबासकी दिली नाही, विश्वासहीन असू नकोस असंच सांगितलं. मी पंचवीस वर्षं सेवेत आहे, संशयाला एक बोट दिलं की तो हात धरतो, किती तरुण मुलं गेलेली मी डोळ्यानं पाहिली आहेत.

नगरची लेक :
सेवक, तुमचा मान राखून सांगते, याकोबाचं पत्र जिथं आहे तिथून थोडंच पुढं यहूदाचं पत्र आहे आणि त्यात जे संशयात आहेत त्यांच्यावर दया करा असं लिहिलंय. मत्तयाच्या अगदी शेवटी, उठलेला येशू डोंगरावर समोर उभा असताना काही जणांना संशय वाटला असं लिहिलंय आणि पुढच्याच वाक्यात तो त्या सगळ्यांनाच जगभर पाठवतो. संशयवाल्यांना बाजूला काढत नाही. ती तरुण मुलं गेली म्हणता, ती बोलली तेव्हा त्यांना काय उत्तर मिळालं होतं? मला मिळालं ते वर लिहिलंच आहे.

पुराव्यानिशी, तुम्ही सांगितलेला अभ्यास खोटा आहे असं मी म्हणूच शकत नाही कारण तो मी जगले आहे. पप्पा गेल्यावर दोन-तीन महिने संध्याकाळी साडेसहाला सायकलचं स्टँड लावल्याचा आवाज यायचा मला. खटाक्. स्पष्ट. आईलाही यायचा. पण त्या आवाजावरून आम्ही दोघींनी एकदाही असं म्हटलं नाही की पप्पा उठले, त्यांची कबर रिकामी आहे. उलट तो आवाज आला की ते गेलेत हे जास्तच कळायचं. त्या काळातल्या यहुद्यांनाही मेलेल्या माणसाचा भास म्हणजे काय ते माहीत होतंच, पेत्र तुरुंगातून सुटून दारात आला तर आतली माणसं म्हणतात त्याचा दूत असेल. मग याच वेळी त्यांनी भासाला भास न म्हणता "उठला" हा शब्द का वापरला? परूशी, म्हणजे त्या काळातला एक यहुदी पंथ, मानायचे की सगळे नीतिमान शेवटच्या दिवशी एकदम उठतील, एकटा माणूस मधेच उठेल असं कुणीच धरून चाललं नव्हतं.

पाचूबंदर :
कबरेबद्दल थोडं. १९६८ मध्ये जेरुसलेमच्या उत्तरेला एका कबरीत अस्थिपेटी सापडली, त्यात क्रुसावर दिलेल्या माणसाच्या टाचेचं हाड होतं, खिळा अजून त्यात अडकलेला. म्हणजे निदान एकाला तरी घरच्या माणसांनी रीतसर पुरलं होतं. त्यावरून येशूलाही पुरलं हे सिद्ध होत नाही, पण पुरणं शक्यच नव्हतं असंही म्हणता येत नाही. आणि कबर रिकामी दिसली ती बायकांना. त्या काळी बाईच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती, दुसऱ्या शतकात सेल्सस नावाच्या टीकाकारानं यावरूनच हिणवलंय. गोष्ट रचायची असती तर पेत्रालाच आधी पाठवला असता की.

आता माझा घरचा प्रश्न. आम्ही वसईचे कॅथलिक. माझी मावशी परदेशात वारली, तिथं दहन केलं आणि मुलानं रक्षा आणली. आजीनं हंबरडा फोडला, आता ही उठणार कशी? फादरनी समजावलं की चर्चनं १९६३ पासून दहनाला परवानगी दिली आहे, २०१६ च्या सूचनेत फक्त एवढंच आहे की रक्षा उधळू नये, घरात ठेवू नये, पवित्र जागी ठेवावी. आजी काही ऐकेना. मग त्यांनी फ्रान्समधल्या ल्यों शहराची १७७ सालची गोष्ट सांगितली. तिथल्या ख्रिस्ती हुतात्म्यांची प्रेतं लोकांनी जाळून राख रोन नदीत लोटली होती, हे आता उठूच नयेत म्हणून. फादर म्हणाले, आजी, ते उठणार नाहीत असं वाटतं का तुला? ती गप्प झाली. मग सिमेट्रीत आजोबांच्या शेजारी ती रक्षा ठेवली.

फळा-खडू :
मी ख्रिस्ती आहे आणि तरी मला ताईंचं पटत नाही. शरीर कुजतं, त्यातले अणू गवतात जातात, गवत गाय खाते, ते दूध दुसरा माणूस पितो. शेवटच्या दिवशी ते अणू कुणाचे? त्यापेक्षा शिष्यांच्या जिवात येशू पुन्हा जिवंत झाला, त्यांची भीती गेली, हेच पुनरुत्थान असं मानलं तर काय बिघडलं? उलट शिकलेल्या मुलांना ते सांगता येतं.

नगरची लेक :
अणू तर जिवंतपणीच बदलत असतात ना सर, मी दहा वर्षांची होते तेव्हाचं सगळं तसंच्या तसं आज माझ्यात नाही, तरी मी तीच. पौल करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात अणूंचा हिशोब देत नाही, दाण्याचं उदाहरण देतो, पेरतो ते एक आणि उगवतं ते निराळं, पण त्यातूनच. आमच्याकडं रब्बीची ज्वारी असते, दाणा मातीत गेला की तो दाणा म्हणून संपतोच, कणीस बघून कुणी म्हणत नाही की हाच तो दाणा, पण ज्वारीच उगवते, हरभरा नाही उगवत.

काय बिघडलं विचारलंत. माझं सगळंच बिघडतं. शिष्यांची भीती गेली, छान झालं, पण त्यानं माझ्या पप्पांचं काय होतं? ते तर मातीत आहेत.

इंद्रायणीकाठ :
मी वारकरी घरातला, देहूजवळ राहतो. एक प्रश्न मनापासून आहे. आम्ही तुकोबांचं सदेह वैकुंठगमन मानतो, बीजेला नांदुरकीच्या झाडाखाली लाखोंनी जमतो. तुम्ही येशूंचं शरीर उठलं मानता. मग तुमचं ते खरं आणि आमची ती दंतकथा, असं म्हणायला काही आधार आहे का?

नगरची लेक :
दादा, मी असं म्हणणार नाही, माझी आजीच तुकोबांचे अभंग म्हणत मोठी झाली. मला फरक एवढाच दिसतो की सदेह जाणं आणि मरून सदेह परत येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुकोबांच्या जाण्याशी जुळतं ते आमचं चाळीस दिवसांनंतरचं स्वर्गारोहण. पुनरुत्थान म्हणजे मेलेला, पुरलेला माणूस पुन्हा याच मातीवर येऊन तुमच्याबरोबर जेवला. आणि तो पहिला, त्याच्यामागून आम्ही सगळे, असं आम्ही मानतो. पण हे मला दाखवून सिद्ध करता येत नाही, तुम्हालाही नाही आणि पुराव्यानिशी यांनाही नाही. पाचशेच्यावर लोकांना दिसला असं पौल लिहितो आणि त्यातले बरेच अजून आहेत म्हणतो, येशूला जाऊन तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षं झाली होती. त्या साक्षीवर मी भार टाकते. पूर्ण वजन टाकायला मला दीड वर्ष लागलं आणि अजून काही रात्री पाय मागं घेते.

पुराव्यानिशी :
पाचशेचा उल्लेख पौलाच्या एका पत्रात आहे, त्या पाचशेंतल्या एकाचंही स्वतःचं काही आपल्याकडं नाही, तेव्हा मी जिथं होतो तिथंच आहे. सायकलच्या स्टँडचं मात्र मला उत्तर देता आलं नाही, त्यावर विचार करतोय. एक विचारू का? राग मानू नका. तुमच्या म्हणण्याप्रमाणे वडील उठतील तेव्हा ते बोट पूर्ण असेल की अर्धं?

नगरची लेक :
राग कसला. हे मी स्वतःला किती वेळा विचारलंय. ख्रिस्ताचं शरीर गौरवी झालं, बंद दारातून आत आला, तरी खिळ्यांचे व्रण तसेच होते, थोमाला तेच दाखवले. पुसता आले असते, पुसले नाहीत. हाता-कुशीवरच्या त्या खुणांवरूनच थोमानं ओळखलं. परवा ईस्टरच्या पहाटेची उपासना झाल्यावर मी आणि आई दफनभूमीत गेलो, आईनं कबरीवरचं गवत उपटलं, मी मेणबत्ती लावली, वारा होता, तीन वेळा विझली. दुखायचं नाही त्यांना, हिवाळ्यात ते पेर फार ठणकायचं, ते नसेल. पण मला ते अर्धंच असलेलं हवंय, त्याशिवाय मी त्यांना कशावरून ओळखू?