शब्दचर्चा : ‘लोड ॲव्हरेज’ला ‘सरासरी भार’ म्हणावं का?

धुळे : लिनक्स या संगणक प्रणालीच्या मदतपानात ‘लोड ॲव्हरेज’ला, म्हणजे सरासरी किती कामं चालू किंवा खोळंबलेली आहेत त्या आकड्याला, ‘सरासरी भार’ लिहितोय. चालेल?

जळगाव : नको भाऊ. भार म्हटलं की भारनियमन आठवतं, म्हणजे ओढलेली शक्ती. मग आकडा चढला की वाचणारा प्रोसेसरलाच दोष देतो. लिनक्समध्ये तो आकडा प्रोसेसरवर चालू असलेली, त्याच्या रांगेतली आणि बहुधा डिस्कपायी अडकलेली (‘डी’ अवस्था) अशी सगळी कामं धरतो. अडकलेली १९९३ पासून धरतात. जिनिंगच्या फाटकाआतल्या कापसाच्या गाड्या मोजाव्यात तसं आहे हे : काट्यावर आठ खोळंबल्या, मशीनपाशी एकच रिकामी होतेय, तरी मोजदाद नऊ.

समजा प्रोसेसरचे ४ कोअर आणि लोड ९. ‘व्हीएमस्टॅट १’ ही आज्ञा चालवा, ती दर सेकंदाला एक ओळ दाखवते. पहिली ओळ सोडा, ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. पुढच्या ओळींत ‘आर’ (चालू किंवा रांगेतली कामं) १, ‘बी’ (अडकलेली कामं) ८, ‘डब्ल्यूए’ (डिस्कची वाट बघण्यात गेलेला प्रोसेसरचा वेळ, टक्के) ६५ दिसलं तर कोअर वाढवणं म्हणजे पैसे पाण्यात. ‘आयोस्टॅट -एक्स १’ मध्ये कोणत्या डिस्कचा प्रतीक्षाकाळ फुगलाय ते बघा. ‘आर’ ९ आणि ‘आयडी’ (प्रोसेसरचा मोकळा वेळ) शून्य असेल, तरच प्रोसेसर कमी पडतोय. ‘एसआय’, ‘एसओ’ (डिस्कवरून मेमरीत आणि मेमरीतून डिस्कवर होणारी स्वॅपची ने-आण) सतत हलत असतील तर मेमरी अपुरी आहे. हे दोन्ही शून्य असताना स्वॅपिनेस (स्वॅप किती लवकर करायचं ते ठरवणारा आकडा) ६० वरून १० वर आणून काहीच हाती लागत नाही, आणि लोक नेमकं तेच आधी करतात. म्हणून माझं मत ‘रांग’.

अमळनेर : ‘सरासरी’सुद्धा जपून वापरा. १, ५, १५ मिनिटांचे आकडे जुनं हळूहळू विसरत जातात. रिकाम्या मशीनवर एक काम सतत चालवलं तर मिनिटाभराने पहिला आकडा ०.६३ च्या आसपास येतो, १ नाही.

भुसावळ : थ्रूपुटला, म्हणजे ठरावीक वेळात किती काम होतं त्याला, ‘उरक’ लिहा दादा, घरोघरी बोलला जाणारा शब्द आहे. आणि वाट बघण्यात गेलेल्या वेळेला आपल्याकडचा ‘खोटी’. ‘काट्यावर गाडीची दोन तास खोटी झाली’ असं म्हणतोच की आपण. लिनक्स ४.२० पासून ‘/प्रॉक/प्रेशर’ हे फोल्डर नेमकं हेच मोजून दाखवतं. तिथल्या ‘आयओ’ फाइलीत ‘सम’च्या (इंग्रजी ‘some’) ओळीवर ‘एव्हीजी१०’ ४० असेल, तर गेल्या दहा सेकंदांत साधारण ४० टक्के वेळ किमान एका कामाची खोटी झाली. लिनक्सच्या काही वितरणांत (तयार आवृत्त्यांत) ही मोजणी बंद असते; बूटच्या ओळीत ‘पीएसआय=१’ घालावं लागतं.

धुळे : पण ताई, ‘सरासरी खोटी’ लिहिलं तर पुण्याचा वाचक आकडाच खोटा समजेल.

भुसावळ : खरंय. मग विभक्ती लावून लिहा : ‘खोटीचा वेळ’, ‘डिस्कपायी झालेली खोटी’. विशेषणाचा घोळ राहत नाही.

जळगाव : मान्य. लोडला ‘रांग’, प्रेशरला ‘खोटीचा वेळ’. मदतपानातलं वाक्य असं करा : ‘रांग ९, उरक घटलेला, डिस्कपायी खोटीचा वेळ ४० टक्के, आधी डिस्क तपासा.’