बाहेरचे ठरलेल्यांचे आणि ठरवणाऱ्यांचे अनुभव

गलाईवाला
परवा गावाच्या व्हॉट्सॲप गटावर 'परप्रांतीय फेरीवाल्यांपासून मुले सांभाळा' असा निरोप आला आणि मला लहानपणची एक रात्र आठवली. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडची कितीतरी घरे गलाईसाठी, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी, देशभर पांगलेली आहेत. माझ्या वडिलांचे दुकान आंध्रात होते. सराफ गल्लीत चोरी झाली तेव्हा कुणी काही पाहिलेले नसतानाही 'मराठीवाल्या'कडे बोट गेले. शेजारचा किराणा दुकानदार पोलीस ठाण्यात येऊन "हा बारा वर्षे माझ्या शेजारी आहे" एवढेच बोलला, म्हणून वडील त्या रात्री घरी आले. आपले अनुभव लिहावेत, उलट बाजूचेही.

तासगावची बाग
मी उलट बाजूचाच लिहिते. द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीनंतर काड्यांना पेस्ट लावायला आणि पुढे घडांच्या विरळणी-डिपिंगला, म्हणजे मणी विरळ करायला आणि घड औषधात बुडवायला, आमच्याकडे बिहारची टोळी असते. मागे असाच निरोप फिरला तेव्हा औषध आणायला गेलेल्या त्यांच्यातल्या एकाला पोरांनी स्टँडवर अडवले. पोलीसपाटलांनी मला त्याचे नाव विचारले आणि तीन हंगाम आमच्या शेडमध्ये राहिलेल्या माणसाचे नाव मला सांगता आले नाही, कारण आम्ही सगळ्यांनाच 'भैया' म्हणत होतो. आता टोळी उतरली की पहिल्याच दिवशी नावे पोलीसपाटलांकडे देतो आणि संध्याकाळी आरतीला सगळ्यांची ओळख करून देतो. त्यामुळे असे काही कानावर आले, तर लोक आधी मला फोन करतात.

मिरजकर
ताई, ओळख करून देता हे उत्तमच, पण मजुरीचे काय? आमच्या गावातल्या बायकांचा राग भाषेवर नव्हताच. एकरी ठेका टोळीला गेला आणि त्यांचा विरळणीचा रोज बुडाला, यावर होता. बागायतदारांनी बसून दोघांना एकच दर ठरवला, तेव्हा कुरबूर बरीच थांबली.

कऱ्हाडकर
परके ठरायला राज्य ओलांडावे लागत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून जमावाने ठेचून मारलेल्या पाच भिक्षेकऱ्यांपैकी बहुतेक महाराष्ट्रातलेच होते. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्याच जत तालुक्यात, लवंग्याला, रस्ता विचारणाऱ्या साधूंना त्याच संशयाने मारहाण झाली. आमच्याकडे बीडहून ऊसतोडीला माणसे येतात, आणि विहिरीवरची मोटार गेली की पहिली झडती त्यांच्या कोप्यांची, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांची, होते. एकदा मोटार गावातल्याच पोराकडे सापडली. माफी मागायला मात्र कोप्यांवर कुणी गेले नाही, मीही नाही.

गलाईवाला
गटावर मी 'हे कुणी पाहिले?' एवढेच विचारले, तेव्हा पाठवणाऱ्याने निरोप काढून टाकला. तासगावच्या ताईंचे वाचून वडिलांना त्या दुकानदाराचे नाव विचारले. त्यांना आठवेना; तेही त्याला बारा वर्षे नुसते 'कोमटी'च, म्हणजे तिकडच्या वाण्यांच्या जातीच्या नावानेच, म्हणत होते.