डिसेंबरात गुलमर्गला जाऊलालोय, कडक बर्फासाठी कसली स्की घेऊ?

तिसरं_गेट_बेळगाव:
नमस्कार मंडळी, बेळगावात बसून स्कीबद्दल विचारालोय म्हणून हसू नका. गेल्या फेब्रुवारीत औलीला १४ दिवसांचा कोर्स केला, पहिला आठवडा नुसता पडलो, मग हळूहळू जमायला लागलं आणि शेवटी पॅरलल टर्न, म्हणजे दोन्ही स्की समांतर ठेवून वळणं, बऱ्यापैकी यायला लागले (डावीकडं बरे, उजवीकडं अजून नांगरच, म्हणजे टोकं जवळ आणून). तेव्हापासून डोक्यात किडा वळवळालाय. आता २० ते २७ डिसेंबर गुलमर्गचं तिकीट काढलंय, जानेवारीत बहिणीचं लग्न असल्यामुळं हीच सुट्टी हाय.

माझा आत्तेभाऊ जर्मनीत असतो, तो डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गावाकडं येणार. त्याला तिथं सेलमध्ये एक स्की दिसलीय, लांबी १७८ सेंमी, मधली रुंदी ९८ मिमी, टोक चांगलं वर वळलेलं, बायंडिंगसकट (बूट स्कीला धरून ठेवणारी पकड) निम्म्या किमतीत. तो म्हणालाय घेऊन टाक, रुंद असली की बर्फावर तरंगते. माझी उंची ५ फूट ७ इंच, वजन ७२ किलो. पण औलीत शेवटच्या दोन दिवशी सकाळचा उतार असा टणक झालता की स्की नुसती खर्र करून बाजूला सरकायची, धरायचीच नाही, आणि भाड्याच्या त्या स्कीच्या धारा म्हणजे आमच्या आज्जीची विळी बरी. डिसेंबरात गुलमर्गला बर्फ कमी आणि तसाच कडक असतो असं ऐकलंय. मग ही ९८ वाली घेऊ का नको? नको तर कसली? बजेट घरात कळणार नाही एवढंच हाय.

निपाणी_टू_म्युनिक:
नको घेऊस. आत्तेभावाला सांग की तरंगायला आधी गुडघाभर ताजा भुसभुशीत बर्फ लागतो. तुला मिळणार आहे दाबलेला, रात्री गोठलेला, वर पातळ काचेसारखा थर असलेला बर्फ. तिथं तरंगून काय करणार, तिथं चावायला पाहिजे.

मी दर नोव्हेंबरात इथून ऑस्ट्रियात श्टुबाई नाहीतर हिंटरटुक्सच्या ग्लेशियरवर जातो, कारण खाली तेव्हा गवतच असतं. सीझनच्या सुरुवातीचा बर्फ कसा असतो ते तिथं पायाला कळतं. खालचे उतार सुरू झाले तरी तिथं मशीननं मारलेलाच बर्फ असतो. ताजा पडलेला नैसर्गिक बर्फ घनमीटरला ५० ते १०० किलो भरतो, मशीनचा ४०० ते ५००. त्याला चांदणीचा आकार नसतो, बारीक गोल दाणे असतात, साबुदाण्यासारखे, ते एकमेकांना घट्ट चिकटून बसतात. त्यावर दोनशे माणसं घसरली की वरचा थर खरवडून जातो आणि दुपारी चारला खाली उरते ती फरशी.

आता रुंदीचं. घरातला बसायचा पाट घे, त्यावर मधोमध उभा राहा आणि पाटाची एकच कड जमिनीत रुतवायचा प्रयत्न कर. पाट अरुंद असेल तर कड तुझ्या पावलाच्या लगेच खाली येते आणि वजन सरळ तिच्यावर जातं. रुंद असेल तर वजन मध्ये आणि कड लांब, मग घोटा आणि गुडघा पिळवटून निघतो. ९८ मिमीच्या स्कीचं कडक बर्फावर नेमकं हेच होतं, शिवाय एका कडेवरून दुसऱ्या कडेवर यायला वेळ लागतो तो वेगळा. तुझ्यासाठी ६८ ते ७६ मिमी, फार तर ८०. लांबी १६३ ते १६८, वळणाची त्रिज्या १३ ते १५ मीटर.

दुसरं म्हणजे टोक वर वळलेलं म्हणतोस ते रॉकर. खोल बर्फात ते छान, पण कडक बर्फावर टोक हवेत राहतं म्हणजे तेवढी धार कामाला येतच नाही. तुला कॅम्बर पाहिजे. ट्रकचा कमानपाटा असतो ना, तसंच, मध्ये उचललेली आणि दोन्ही टोकं टेकलेली. तू उभा राहिलास की कमान दबते आणि टोकापासून शेपटीपर्यंत धार बर्फात बसते. आत टायटॅनलचा (ताकदवान ॲल्युमिनियमचा) पत्रा असला तर आणखी चांगलं, थरथर कमी होते. पण स्लालम रेसच्या १६५ च्या खऱ्या रेसिंग स्की घेऊ नकोस, त्या इतक्या ताठ असतात की चौदा दिवसांच्या माणसाला त्याच चालवतील.

खानापूर_फौजी:
पोरा, स्की विकत घेऊच नको. मी गुलमर्गला हॉजमध्ये, लष्कराच्या डोंगरी युद्धशाळेत, कोर्स केलाय, नंतर दोन हिवाळे तिकडंच काढलेत, म्हणून सांगालोय.

चिल्लई कलां, म्हणजे काश्मिरातला सगळ्यात कडक थंडीचा काळ, सुरू होतो २१ डिसेंबरला, पुढं चाळीस दिवस. खरा बर्फ त्यात. तू जाणार त्याच्या तोंडावर. पश्चिमेकडनं एखादं जोरात वादळ येऊन गेलं असलं तर तुझं नशीब, नाहीतर वर चार बोटं पांढरं आणि खाली दगड, खुंट, घोड्यांची वाट. आणि जानेवारीत तरी भरोसा हाय का? २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग कोरडं ठाक पडलतं, महिना संपता संपता बर्फ आला. नवी कोरी स्की असल्या बर्फावर नेणं म्हणजे नवी बुलेट जांबोटीच्या रस्त्यावर पावसाळ्यात घालणं. भाड्याची घे, जुनी घे, दगड लागला तर लागला.

बर्फ बघायला शिक आधी. पांढरा, मळकट, सपक दिसतो तिथं धार धरते. निळसर करडा आणि चमकणारा दिसला की समज बर्फ नाही, काच हाय. तिथं वळायचं नाही, सरळ उभं राहून वरनं पार व्हायचं आणि पुढं पांढरं दिसलं की वळायचं. अंग मागं टाकलास की मेलास. भीतीनं सगळे मागंच झुकतात, आणि मागं झुकलं की पुढची धार सुटते. नडगी बुटाच्या जिभेवर टेकलेली पाहिजे, वजन बाहेरच्या पायावर. आमचा उस्ताद पहिले तीन दिवस वळूच द्यायचा नाही, नुसतं आडवं उभं करून घसरवत खाली आणायचा, साइड स्लिप, थांब, साइड स्लिप, थांब. तेव्हा शिव्या दिल्या त्याला मनात. आता कळतंय की धार कुठं धरते आणि कुठं सुटते ते पायाला त्यानंच शिकवलं.

आणि सकाळी नऊला पळू नको. अकरा वाजू दे, ऊन लागलेल्या बाजूला वरचा थर जरा सैल होतो. सावलीतला उतार दुपारीपण तसाच राहतो.

शहापूर_पीटी_मॅडम:
काका बोलले ते खरं. मी सोलंगला केला होता कोर्स, माझी भर एवढीच की पैसे खर्चायचे असतील तर बुटावर खर्च, स्कीवर नको. कडक बर्फावर तू घोट्यातनं जे सांगतोस ते स्कीपर्यंत पोचवतो बूट. बूट ढिला असला की पाय आत वळतो आणि स्की तशीच सरळ जाते, मग माणूस म्हणतो धार बोथट आहे.

बूट बघताना आतला मऊ मोजा काढून ठेव, अनवाणी पाय नुसत्या प्लास्टिकच्या कवचात घाल, बोटं पुढं टेकव आणि टाचेमागं बोट घालून बघ. एक ते दोन बोटं मावली तर ठीक, तीन मावली तर मोठा. नंबर चपलेचा नाही, पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये, २६.५ वगैरे. दुकानात बूट मऊ चपलेसारखा आरामात वाटला म्हणजे मोठाच आहे.

आणि एक, डिन सेटिंग, म्हणजे पडल्यावर बायंडिंग किती जोरानं सुटायचं ते स्क्रूनं ठरवणं. माझं वजन ५४ किलो. भाड्याच्या दुकानातल्या माणसानं माझ्या आधीच्या धिप्पाड गृहस्थाची स्की तशीच मला दिली, स्क्रू फिरवलाच नाही. पडले तेव्हा बायंडिंग सुटलंच नाही, गुडघा सहा आठवडे पट्ट्यात. तेव्हा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुला किती येतं ते सांगून त्याच्याकडनं समोर बसून सेट करून घे. तो वैतागला तर वैतागू दे.

तिसरं_गेट_बेळगाव:
बाप रे, एवढं कळलं असतं तर औलीत निम्म्या वेळा कमी पडलो असतो. आत्तेभावाला फोन केला, तो रुसलाय, त्यानं दुकानात स्की बाजूला काढून ठेवायला सांगितलती म्हणे. त्याला म्हटलं बूट बघ, २६.५. म्हणजे ठरलं, बूट माझे आणि स्की भाड्याची, अरुंद. पण भाड्याच्या स्कीची धार बोथटच असणार ना? तिथं कोण लावून देतंय?

उद्यमबाग_फिटर:
तूच लाव की. मी स्कीवर कधी पाय ठेवला नाही आणि ठेवणारही नाही, पण माझ्या भाच्याची स्की मी लावून देतो, तो मनालीत असतोय. धार ती धार. बावीस वर्षं टूल रूममध्ये काढलीत.

स्कीच्या खालच्या कडेला दोन्ही बाजूला स्टीलची पट्टी असत्या, अंदाजे दोन मिलीमीटरची. तिला दोन तोंडं, एक तळाकडलं, एक बाजूचं. तळाकडलं साधारण १ अंश वर उचललेलं असतं म्हणजे सरळ जाताना स्की अडकत नाही. त्याला हात लावू नको, कारण तिथं जास्त घासलं की परत आणता येत नाही, सगळा तळ मशीनवर ग्राइंड करावा लागतो. काम करायचं ते बाजूच्या तोंडावर, २ किंवा ३ अंश आत. म्हणजे बाजू ३ आणि तळ १ धरला तर कोपरा झाला ९० वजा ३ अधिक १, ८८ अंश. एवढ्यानं बर्फ धरतो असं भाचा म्हणतोय.

हातानं अंदाजानं कानस मारू नको, धार गोल होणार. ॲल्युमिनियमचा ठोकळा घे, एक बाजू ८७ अंशात (९० वजा बाजूचे ३) मिलिंग केलेली, त्याला कानस क्लॅम्प कर आणि ठोकळा तळाला टेकवून ओढ. माझ्याकडं स्क्रॅपमधनं केलेला एक हाय, पाहिजे तर शनिवारी ये घेऊन जा. आधी मार्करनं पट्टी काळी कर. कानस फिरवल्यावर काळं सगळं गेलं म्हणजे पूर्ण तोंडावर कानस लागली, मध्येच काळं राहिलं तर कोन चुकालाय. टोकाकडनं शेपटीकडं, एकाच दिशेनं, लांब ओढ, घासाघीस नाही.

दगड लागलेल्या जागी एक गंमत होत्या. स्टील तिथं मार खाऊन कडक झालेलं असतं, कानस नुसती घसरत्या, आवाज बदलतो, किर्र ऐवजी सुईई येतो. तिथं आधी डायमंड स्टोन मार, कडक कातडं काढ, मग कानस. शेवटी बर, म्हणजे कानशीनं उठलेला धातूचा बारीक काठ, राहतो, तळाकडं वळलेला, डोळ्याला दिसत नाही पण बोट फिरवलं की लागतो. तो बारीक स्टोननं हलका काढ, नाहीतर पहिल्याच दगडावर धार मोडून जाईल. बघायचं कसं? अंगठ्याचं नख धारेवर आडवं ओढ, पांढरी भुकटी निघाली की झालं. आणि कानस हँडबॅगेत ठेवू नको, सांबऱ्याच्या विमानतळावरच काढून घेतील.

तिसरं_गेट_बेळगाव:
आलो परत, म्हणून लिहितोय. पहिले दोन दिवस फौजी काकांचे शब्द न शब्द खरे, रोपवेचा वरचा अफरवट डोंगराचा टप्पा बंद, खालचा उतार चार बोटं बर्फाचा, मध्ये मध्ये गवताची टोकं. भाड्याच्या दुकानात सगळ्या रुंद स्की पुढं लावलेल्या, मी टेप काढून मधली रुंदी मोजायला लागलो तर तो माणूस माझ्याकडं असा बघालता जसं मी जमीन मोजायला आलोय. मागच्या कोपऱ्यात एक जुनी सापडली, स्टिकर उडालेला, ७२ मिमी, १६५. डिन त्याच्याकडनं समोर बसून सेट करून घेतला. रात्री खोलीत फिटर दादांचा ठोकळा घेऊन बसलो, मार्कर केला, डाव्या स्कीला बुटाखाली दोन जागी तो सुईई आवाज खरंच आला. रूममेटनं विचारलं काय करालास बे, म्हटलं विळी लावालोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच उतारावर तीच निळसर जागा होती जिथं पहिल्या दिवशी बुडावर खाली गेलतो. या खेपेला सरळ पार झालो आणि पुढं पांढऱ्यावर वळलो, खर्र ऐवजी नुसता सर्र असा आवाज. उजवीकडंसुद्धा. २४ च्या रात्री बर्फ पडला, मग सगळेच हिरो झाले, त्याची गोष्ट वेगळी.

एक घोटाळा झाला. शेवटच्या दिवशी झाडाखालच्या खुंटाला लागून तळाला बोटभर लांब चर पडली, आत पांढरं दिसालतं. दुकानवाल्यानं बाराशे घेतले. मॅडम, फिटर दादा, ही चर भरता येते काय? पुढच्या वेळी स्वतःच भरीन म्हणतो.

उद्यमबाग_फिटर:
येते की. तळ पॉलिथिनचा असतोय, त्याची कांडी मिळते, पेटवून थेंब थेंब चरीत सोडायचा. ज्योत तळाच्या अगदी जवळ धर, निळी राहिली पाहिजे, लांब धरलीस की काजळी पडते आणि भरलेला भाग काळा होऊन निघून येतो. थंड झालं की स्टीलच्या पट्टीनं खरवडून सपाट कर. पण आत पांढरं दिसालतं म्हणतोस तर चर गाभ्यापर्यंत गेलेली असणार, तिथं कांडी टिकत नाही, तुकडा कापून बसवावा लागतो. बाराशेत त्यानं नुसती कांडी टाकली असली तर तुला टोपी घातली. आणि माझा ठोकळा कधी आणून देणार?